कुंपणापलीकडची विमाने

दसरा झाला की आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. त्यांतले काही टाकून द्यायचे असा दरवर्षी निश्चय होतो आणि दरवर्षी सगळे पुसून पुन्हा वर जाते. गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक जुना अल्बम नातवाच्या हाती लागला. काळ्या जाड कागदाची पाने, कोपऱ्यांत खोवलेले फोटो. एका पानावर चौकोनी फोटोत पांढुरके आभाळ आणि मधोमध एक काळा डाग, पंख फुटलेल्या झुरळासारखा. खाली पांढऱ्या शाईने आईच्या अक्षरात लिहिलेले : ‘दादाचे विमान’.

“आजोबा, हा असा काळा का आला? आणि तुम्ही उभे कुठे होतात?”

पहिला प्रश्न कुणीही विचारला असता. दुसरा मात्र जाणकाराचा होता. नातू स्वतः विमानांचे फोटो काढतो. हाताएवढे लांब भिंग लावलेला कॅमेरा गळ्यात अडकवून तो रविवार रविवार मुंबईच्या विमानतळाभोवती हिंडत असतो आणि विमानापेक्षा उभे राहायच्या जागेचीच चर्चा अधिक करतो. मला वाटले, विमानविद्येच्या इतिहासात कोण उडाले, कधी उडाले, हे सारे लिहिलेले असते. खाली उभे राहून कुणी पाहिले आणि कुठून पाहिले, हे कोणी लिहीत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा विमानाशी पहिला संबंध तर खालूनच आला!

या इतिहासाची सुरुवात आपल्याकडे एका न काढलेल्या फोटोपासून करावी लागते. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आला आहे. मीही ती ऐकली, आणि शाळेत असताना तिच्यासाठी भांडलोही. पुढे लक्षात आले की मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच स्थापन झाली होती; 1895 च्या मुंबईत फोटो काढणाऱ्यांची वाण नव्हती. तरी चौपाटीवरच्या त्या उड्डाणाचे एकही छायाचित्र नाही. ज्या प्राचीन म्हणविल्या जाणाऱ्या वैमानिक ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली काढला. तळपदे यांच्या खटाटोपाबद्दल मला आदर आहे, पण कथेवर विश्वास ठेवणे आता जमत नाही. असो.

जुहूला मात्र फोटोही आहेत आणि विमानेही. जुहूचा विमानतळ 1928 साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी, 1929 च्या फेब्रुवारीत, जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. 15 ऑक्टोबर 1932 रोजी ते कराचीहून एकट्याने ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले, बैलगाडीतून आलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून घेतले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूला पोचले. बरोबर 25 किलो टपाल. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. एअर इंडियाचा वंशवृक्ष येथून सुरू होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्या वेळच्या छायाचित्रांत दुसरेच काही दिसते : माणसे विमानाला अगदी खेटून उभी आहेत. हात लांब केला तर पंखाला लागावा. फोटो काढण्यासाठी चांगली जागा शोधण्याचा प्रश्नच नव्हता, जिथे पाय थांबतील ती जागा चांगली. अडचण एवढीच की जुहूचा तळ म्हणजे खाजणाची सखल जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी भरे आणि टाटांची विमाने तेवढे महिने पुण्याहून उडत.

पुढे युद्ध आले, विमाने मोठी झाली, आणि विमानांचा मुक्काम दोनतीन किलोमीटर पूर्वेला सांताक्रूझला हलला. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे काँस्टेलेशन जातीचे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, आणि आपल्या देशाची परदेशी विमानसेवा सुरू झाली. ती काँस्टेलेशने फोटोत फार देखणी दिसत. माशासारखे वळणदार अंग आणि शेपटीला तीन उभे पंख.

सांताक्रूझला कुंपण आले, पण गॅलरीही आली. आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण आमच्या लहानपणी विमानतळ ही सहलीची जागा होती. कुणाला पोचवायला एक जण जायचा असेल तर बारा जण येत. हार, नारळ, डबे, रडणारी मुले आणि सर्वांना सूचना देणारा एक काका. पोचवून झाले की सारे लटांबर गॅलरीत. तिथून विमानाला लावलेली शिडी दिसे, शिडीवर चढणारी माणसे दिसत, आणि आपला माणूस वरच्या पायरीवर वळून हात हलवी. तो आपल्याकडे पाहून हलवीत आहे की दुसऱ्या कुणाकडे, हे कळत नसे, तरी सारे जण हात हलवीत.

फोटोचे म्हणाल तर कायदा तेव्हाही होता. 1937 च्या विमान नियमांतला तेरावा नियम सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास मनाई करीत असे. पण मोठ्या माणसांच्या हारतुऱ्यांतून त्या नियमाला वाट मिळत नसावी. कारण त्या काळच्या कितीतरी घरांच्या अल्बमांत असे फोटो आहेत.

1968 साली माझा मोठा भाऊ पश्चिम जर्मनीला कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून निघाला. आम्ही पार्ल्याला राहत होतो. मी अकरा वर्षांचा होतो. आईच्या मनात आल्प्स पर्वताची धास्ती होती. तिला भूगोल फारसा येत नसे, पण मॉन्ट ब्लांक हे नाव तिला पाठ होते. ‘मलबार प्रिन्सेस’ 1950 च्या नोव्हेंबरात त्याच पर्वतावर आदळले होते, आणि जानेवारी 1966 मध्ये डॉ. होमी भाभा ज्या बोइंग 707 मध्ये होते, तेही तिथेच. सोळा वर्षांत एकाच डोंगरावर आपली दोन विमाने! “ते विमान दुसऱ्या वाटेने जाते का विचार,” असे ती वडिलांना दोनदा म्हणाली. वडिलांनी विचारले नाही.

मी गॅलरीत गेलो नाही. मला दादाचे विमान उडताना हवे होते, उभे असलेले नव्हे. मामांनी दिलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यांपैकी एक शिल्लक होता. सकाळची वेळ होती. मी महामार्गाजवळ, धावपट्टीच्या पश्चिम टोकाशी, कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो. जागा उत्तम निवडली होती, कारण विमान थेट माझ्या डोक्यावरून जाणार होते, आणि गेलेही. पण ते आले पूर्वेकडून, आणि त्याच्या मागे सकाळचा सूर्य होता. मी सूर्याकडे तोंड करून बटण दाबले. दादा ज्या खिडकीत होता ती, इतर खिडक्या, शेपटीवरचे चिन्ह, सारे काळे झाले. आईने तरीही तो फोटो लावला. दादा पुढे दोन वेळा येऊन गेला; कायमचा मात्र परतला नाही. आणि हात हलवणाऱ्या दादाचा फोटो कुणीच काढला नव्हता, कारण घरातला एकुलता एक कॅमेरा माझ्या गळ्यात महामार्गावर होता.

हे शल्य असल्यामुळेच पुढे मी या प्रश्नाचा जरा जास्त विचार केला. विमान वाऱ्याला छाती देऊन उडते आणि छाती देऊनच उतरते. मुंबईला वारा बहुतेक समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या पूर्व टोकावर 27 हा आकडा रंगवलेला असतो, म्हणजे होकायंत्राचे 270 अंश, ठीक पश्चिम. विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने खाली येतात आणि पार्ल्यावरून समुद्राकडे उडतात. तेव्हा पश्चिम टोकाला उभे राहायचे असेल तर संध्याकाळी, सूर्य पाठीशी घेऊन. दिवसा धावपट्टीच्या दक्षिणेला उभे राहावे. मे ते जुलैतले काही आठवडे सोडले तर आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडूनच जातो. आणि भर दुपारी लांबून फोटो काढूच नये. तापलेल्या धावपट्टीवरून उठणारी हवा विमानाला पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे हलवून टाकते. अकराव्या वर्षी हे कुणी सांगितले असते तर! पण सांगणारे सारे गॅलरीत होते.

जुहूने मात्र मला एकदा न्याय दिला. जुहूची धावपट्टीही जवळजवळ त्याच दिशेला, सांताक्रूझच्या वाटेवरच. पण लांबी सुमारे साडेअकराशे मीटर, म्हणजे मोठीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्यामुळे आकाशातून फसगत होई. जुलै 1953 मध्ये ब्रिटिश कंपनीचे ‘कॉमेट’ हे जेट विमान चुकून जुहूला उतरले, आणि ते पुन्हा उडवून न्यायला काही दिवस लागले. वडील ती हकीकत रंगवून सांगत. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपानी कंपनीचे डीसी-8 सकाळी सातच्या आत जुहूला असेच उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही थांबले नाही. विमान निकामी झाले, माणसे वाचली. ही चूक आपल्याकडेच होते असे नाही. 1960 साली लंडनच्या मोठ्या विमानतळाऐवजी एक बोइंग 707 नॉर्थोल्टच्या लष्करी तळावर उतरले; वैमानिकांची फसगत टाळण्यासाठी तिथल्या गॅसच्या प्रचंड टाक्यांवर दोन्ही तळांची आद्याक्षरे रंगवलेली असत. इकडे तो दिवस रविवारचा होता. मी सायकल काढली. माझ्या हातून नीट निघालेला विमानाचा पहिला फोटो तो, कारण ते विमान हलत नव्हते.

त्यानंतरचा काळ विमाने दूर जाण्याचा. एप्रिल 1971 मध्ये ‘सम्राट अशोक’ हे पहिले जंबो आले, तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती रंगवलेल्या राजवाड्याच्या कमानी पाहायला पार्ले लोटले होते. 1 जानेवारी 1978 च्या रात्री तेच विमान उडाल्यावर काही क्षणांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि 213 माणसे गेली. 1971 च्याच जानेवारीत ‘गंगा’ विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेले गेले होते. पहारे वाढत गेले, गॅलऱ्या मिटल्या, भिंती उंच झाल्या. जगभर हेच झाले. ग्रीसमध्ये 2001 साली विमानांचे आकडे टिपून घेणारे बारा ब्रिटिश आणि दोन डच शौकीन हेर म्हणून पकडले गेले. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. निर्दोष सुटायला वर्ष लागले. ज्याला या वेडाची कल्पना नाही त्याला कुंपणाशी वही घेऊन उभा असलेला माणूस हेरच वाटायचा. न्यायाधीशाला दोष कसा द्यावा? तरी माझी सहानुभूती वहीवाल्यांकडेच आहे.

मग लोक गच्च्यांवर गेले. हाँगकाँगच्या जुन्या काय टाक विमानतळाशेजारी कौलूनच्या गच्च्यांवरून काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांवरून जंबो वळताना दिसते. तो विमानतळ जुलै 1998 मध्ये बंद झाला, आणि आता त्या गच्च्यांवरून नुसते आभाळ दिसते. आपल्याकडे तशी जागा म्हणजे मोठ्या धावपट्टीच्या पूर्व टोकाशी असलेली जरीमरीची वस्ती.

अल्बम सापडल्यानंतरच्या रविवारी नातू मला तिथे घेऊन गेला. गल्ली इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने दारात शिरावे. लोखंडी शिडीने एका घराच्या पत्र्याशेजारच्या गच्चीवर चढलो. नातवाची त्या घराशी ओळख होती. आधी विचारल्याशिवाय वर चढायचे नाही, हा त्याचा नियम. दर दोनतीन मिनिटांनी एक विमान पत्रे हलवून जात होते. दुपार कलली होती, सूर्य आमच्या पाठीशी, पूर्वेकडून येणाऱ्या विमानांच्या तोंडावर पूर्ण उजेड. चाकांच्या टायरांवरची अक्षरे वाचता येत होती.

घरातल्या बाई कपडे काढायला वर आल्या. एवढा म्हातारा माणूस शिडी चढून आला म्हणजे काही कारण असणार, असे त्यांना वाटले असावे.

“कोण यायचंय का तुमच्यातलं, काका?”

मी काही बोलण्याच्या आत पुढचे विमान आले. आवाजात बोलणे शक्यच नव्हते. बाईंनी एका हाताने दोरीवरचा सदरा धरून ठेवला, आणि नातवाने बटण दाबले. नंतर त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मोठा करून मला दाखवला. खिडक्यांची रांग स्वच्छ आली होती. तिसऱ्या खिडकीत कुणीतरी कपाळ काचेला टेकवून खाली पाहत होते.

“एक प्रत काढून आण,” मी म्हटले. “अल्बममध्ये त्या पानावर जागा आहे.”