मूळ कागदावर स्वार

विम्याचा फॉर्म भरून होत आला की एजंट हमखास विचारतो, "साहेब, रायडर टाकू ना?" साहेब फक्त हप्ता कितीने वाढेल ते विचारतात आणि सही करतात. हल्ली रायडर म्हटलं की पाठीवर जेवणाची पेटी लावून सिग्नल तोडणारा पोरगा आठवतो. विम्यातला रायडर त्याच्याहून कितीतरी जुना आहे, आणि तो स्वार होतो कागदावर.

त्याचं पहिलं घर इंग्लंडचं पार्लमेंट. तिथे तिसऱ्या वाचनाला येईपर्यंत विधेयक चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत उतरवलेलं असे. त्यानंतर एखादं कलम घालायचं ठरलं, तर ते चर्मपत्राच्या वेगळ्या तुकड्यावर लिहून मूळ विधेयकाला टाचत. विल्यम ब्लॅकस्टोनने 1765 साली निघालेल्या आपल्या कायदेविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडात ही रीत नोंदवली आहे, आणि त्या तुकड्याचं नावही: रायडर. परीक्षेत आपण दोऱ्याने बांधतो ती पुरवणी म्हणजे तीच जात. उत्तरपत्रिकेपासून सुटली की तिला गुण नाहीत. पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये या युक्तीला चांगलेच पाय फुटले. जे कलम एकट्याने कधी मंजूर झालं नसतं, ते अत्यावश्यक खर्चाच्या विधेयकाला चिकटवून पार करायचं, असा प्रकार. पण तो राजकारणाचा भाग. आपण विम्याकडे वळू.

विम्यात हा तुकडा का लागला, हे सागरी विम्याकडे पाहिलं की कळतं. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात 1779 साली जहाज आणि मालाच्या पॉलिसीचा एकच नमुना ठरला. भाषा तेव्हाही जुनाट होती. समुद्राचे धोके, आग, शत्रू, चाचे, चोर, राजेरजवाड्यांनी केलेली अडवणूक अशी लांबलचक यादी. 1791 साली एका खटल्यात न्यायमूर्ती बुलर यांनी तर सागरी पॉलिसी हा हास्यास्पद आणि विसंगत दस्त असल्याचं स्पष्टच सुनावलं. तरीही तो नमुना दोनशेहून अधिक वर्षं टिकला. 1982-83 मध्ये कुठे लॉइड्सने तो बाजूला ठेवला. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्याच्या परिशिष्टातही त्याच वळणाचा नमुना आहे.

इतका वेडावाकडा कागद कुणी बदलला का नाही? कारण त्यातल्या एकेका शब्दावर कोर्टकज्जे होऊन अर्थ पक्के झाले होते. 'चाचे' म्हणजे कोण, 'समुद्राचा धोका' कशाला म्हणायचं, हे निवाड्यांनी ठरवून दिलेलं. नवा शब्द घातला की नवा खटला. त्यापेक्षा जुन्या कागदाला हात लावायचा नाही आणि समासात छापील चिठ्ठी डकवायची, हे सोयीचं. रायडरच्या जन्माचं खरं कारण मला हेच वाटतं. ग्राहकाला जादा संरक्षण देण्याची कळकळ नंतरची. आधी होती ती घासूनपुसून पक्का झालेला मजकूर मोडण्याची धास्ती.

यातून गंमतही होई. मूळ पॉलिसी म्हणे, शत्रूने जहाज पकडलं तर भरपाई मिळेल. तिच्यावर डकवलेली चिठ्ठी म्हणे, पकडापकडी आणि जप्ती यांतून आम्ही मुक्त. मग मालक जादा पैसे मोजून तिसरी चिठ्ठी लावून घेई, आणि युद्धाचा धोका परत आत येई. एकाच कागदावर हो, नाही आणि पुन्हा हो.

आयुर्विम्यात रायडरला खरी प्रसिद्धी, किंवा बदनामी म्हणा, अमेरिकेत मिळाली. अपघाती मृत्यू आला तर दुप्पट रक्कम, हे तिथलं लोकप्रिय कलम. अपघाताने मरणारे थोडे, म्हणून ते स्वस्तात देता येई. 1927 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर या बाईने प्रियकर जड ग्रे याच्या मदतीने नवऱ्याचा खून केला आणि घरात दरोडा पडल्याचा देखावा उभा केला. नवऱ्याच्या विम्यात हे दुपटीचं कलम होतं. जानेवारी 1928 मध्ये दोघांना सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवलं गेलं. याच प्रकरणावरून जेम्स केनला 'डबल इन्डेम्निटी' ही कादंबरिका सुचली. बिली वाइल्डरने 1944 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. त्यातला विमा एजंट खून आगगाडीच्या अपघातासारखा दाखवायचं ठरवतो, कारण पॉलिसीत आगगाडीचा अपघात दुपटीत बसतो. पॉलिसीतली बारीक अक्षरं इतक्या मन लावून वाचणारा दुसरा नायक माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे आयुर्विमा महामंडळाने हेच कलम घरोघरी नेलं. दुहेरी अपघात लाभ, हजारी वर्षाला एक रुपया. मात्र आत्महत्या, नशेत झालेला अपघात, दंगल यांना तो लागू नाही.

गंभीर आजाराचा रायडर आला तो डॉक्टरकडून. मारियस बर्नार्ड हे दक्षिण आफ्रिकेचे हृदयशल्यविशारद. डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला पहिलं मानवी हृदयरोपण करणारे क्रिस्तियान बर्नार्ड यांचे धाकटे भाऊ, आणि त्या चमूतही होते. त्यांना दिसत होतं ते असं, की शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचतो, पण घर बसतं. विमा मेल्यावर पैसे देतो; जो जगला त्याचं काय? क्रुसेडर लाइफ कंपनीबरोबर त्यांनी 1983 च्या ऑक्टोबरमध्ये नवं कलम बाजारात आणलं. हृदयविकाराचा झटका, कर्करोग, पक्षाघात आणि बायपास या चारांपैकी एकाचं निदान किंवा शस्त्रक्रिया झाली की रक्कम हातात. आज यादी तीस-चाळीस आजारांवर गेली आहे, पण खरा कस व्याख्येचा. छाती उघडून केलेली बायपास बसते, त्याच व्याख्येत अँजिओप्लास्टी बसत नाही. कर्करोग मूळ जागीच असेल, पसरला नसेल, तर तोही बहुधा वगळलेला. म्हणून आजारांची संख्या मोजण्यात अर्थ नाही. पहिल्या चारांच्या व्याख्या वाचाव्यात. आणि मूळ पॉलिसी हप्त्याअभावी बंद पडली तर स्वारही खाली, हे एजंट सहसा सांगत नाही. आपल्याकडे विमा नियामकाच्या 2002 च्या नियमांनी स्वार घोड्यापेक्षा मोठा होऊ नये अशी तजवीज केली: प्रत्येक रायडरचा लाभ मूळ विमा रकमेहून जास्त नको, आणि आरोग्याचे सोडून इतर सगळ्या रायडरांचा हप्ता मूळ हप्त्याच्या तीस टक्क्यांत.

गाड्यांच्या विम्यात याच भावंडाला 'ॲड-ऑन' म्हणतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईभर गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला किल्ली मारली की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन जाम होतं. पूर मूळ पॉलिसीत आहे, पण दांडा वाकला तो तुम्ही किल्ली फिरवल्याने, असं म्हणून कंपन्या इंजिनाचा दावा नाकारू शकतात. ती फट 'इंजिन प्रोटेक्ट' बुजवतं. 'झिरो डेप'ची फट वेगळी. मूळ पॉलिसीत प्लास्टिकच्या बंपरची अर्धी किंमत घसाऱ्यात जाते, गाडी नवी असली तरी. झिरो डेपमध्ये ती मिळते.

2007 पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली आणि 2009 पासून अशा जोडण्या विकायची. मूळ मजकूर मात्र 2002 च्या इंडिया मोटार टॅरिफचाच (आयएमटी) चालत राहिला. त्यात मालवाहू गाड्यांसाठी 21 नंबरचं कलम आहे: दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग यांचं नुकसान मिळणार नाही, गाडीच पूर्ण निकामी झाली तरच. आणि थोडं पुढे 23 नंबरचं, जादा हप्ता भरलात तर मिळेल असं सांगणारं. ट्रकमालक पॉलिसी हातात आली की बाकी काही न वाचता आधी विचारतो, "आयएमटी तेवीस टाकलंय ना?"