ऑक्झिन, युबिक्विटिन आणि कपाशीचे पान

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील तालुक्यांत कपाशीच्या (वऱ्हाडी बोलीत पऱ्हाटीच्या) शेतालगत ज्वारी वा मका असेल आणि त्यातील तणांवर टू-फोर-डी फवारले गेले असेल, तर वाऱ्याबरोबर आलेले त्याचे अत्यल्प तुषारही कपाशीस पुरतात. पंजासारखे रुंद पान अरुंद होते, शिरा समांतर धावू लागतात, आणि पाहणारास भेंडीच्या पानाची आठवण होते. ही विकृती विषाणुरोग समजली गेली, तर भलत्याच औषधाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. वस्तुतः पेशीतील प्रथिननाशाची यंत्रणा अनावर चालल्याची ती खूण होय. या यंत्रणेचा इतिहास जीवशास्त्रज्ञांनी लिहावा हे उचितच. परंतु त्यातील नावे भाषाभ्यासकालाही विचारात पाडतात.

फ्रिट्स वेन्ट यांनी १९२६ साली उट्रेख्ट येथे ओटच्या अंकुरांवर प्रयोग करून वाढ घडविणारा पदार्थ वेगळा काढता येतो, हे दाखविले. पुढे त्यास ‘ऑक्झिन’ हे नाव मिळाले; ग्रीक धातूचा अर्थ ‘वाढणे’. टू-फोर-डी हे त्याचेच कृत्रिम अनुकरण असून १९४५ नंतर ते तणनाशक म्हणून प्रसार पावले. वाढीचे द्रव्य तणाचा नाश करते, हा विरोधाभास व्यवहारात रुळला. त्याचा उलगडा मात्र व्हावयाचा होता.

दुसरे नाव १९७५ सालचे. गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसे प्रथिन वर्णिले. ते सर्व सजीवांत असावे, अशा समजुतीने लॅटिन ‘सर्वत्र’ या शब्दावरून त्यास युबिक्विटिन म्हटले. जीवाणूंविषयीचा दावा पुढे टिकला नाही, आणि कार्याचा तर त्या नावात मागमूसही नव्हता. हर्श्को, सिचॅनोव्हर व रोझ हे प्रथिनांच्या विघटनाचा अभ्यास करीत असता त्यांना एक घटक सापडला. तो घटक म्हणजे युबिक्विटिनच, हे १९८० मध्ये सिद्ध झाले. ७६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन नष्ट करावयाच्या प्रथिनास चिकटविले जाते. कोणत्या प्रथिनास चिकटवावयाचे, याची निवड लायगेज करते. या संशोधनास २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

दोन्ही धागे १९९० नंतरच्या दशकात एकत्र येऊ लागले. ऑक्झिनच्या वहनास रोधणाऱ्या द्रव्यांना दाद न देणाऱ्या रोपांवरून एका जनुकास ‘टीआयआर-१’ हे नाव पडले होते. म्हणजे येथेही नाव वहनाचे. पण त्याचे प्रथिन निघाले एका लायगेज-संकुलाचा घटक! ऑक्झिनचा ग्राहक म्हणजे हेच प्रथिन होय, असे २००५ मध्ये दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखविले. २००७ साली स्फटिकरचनेवरून त्याची रीतही कळली. ऑक्झिन डिंकाप्रमाणे मध्ये बसते व वाढीची जनुके दडपणाऱ्या प्रथिनास लायगेजशी जखडते. ते दडपणारे प्रथिन नष्ट झाले की जनुके मोकळी होतात. टू-फोर-डी त्याच खोबणीत बसते. परंतु कपाशीची पेशी त्याचा निचरा त्वरेने करू शकत नाही, म्हणून जनुके मोकळीच राहतात. ज्वारीस ते पुष्कळ अंशी साधते.

मराठी परिभाषेत युबिक्विटिनला ‘सर्वव्यापी’ वा तत्सम संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोह होईल. माझ्या मते तो टाळावा. चुकलेल्या समजुतीचे भाषांतर केल्याने ती पुन्हा रुजेल. ऑक्झिनला ‘वाढीचे औषध’ म्हणणाऱ्या कृषिव्याख्यात्यांनी मात्र, कपाशीच्या शेतकऱ्यांपुढे बोलताना, ही वाढ कशाच्या नाशातून घडते तेही सांगावे.