टेस्ट चालवताना एपीआयचा वॉचमन कसा टाळतात?

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. कारखान्यांच्या शेजारी आता तिथे आयटी पार्क उभे आहेत आणि गेटवर वॉचमन नाव विचारून रजिस्टरमध्ये सही घेतो. वेब एपीआयमध्ये हे काम ऑथेंटिकेशन मिडलवेअर करते. विनंती मुख्य कोडपर्यंत पोहोचण्याआधी ते टोकन तपासते. टोकन नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर ४०१ हा कोड देऊन विनंती परत पाठवते.

अडचण येते ऑटोमेटेड टेस्टच्या वेळी. तपासायची असते फक्त बिलाची बेरीज, पण टेस्ट अडकते ४०१ वर. दर वेळी खरे लॉगिन करायचे म्हटले तर ओटीपी आला, बाहेरचा लॉगिन सर्व्हर आला. तो बंद असला की चांगला कोडही नापास.

म्हणून बहुतेक फ्रेमवर्कमध्ये याची सोय असते. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये ‘फोर्स ऑथेंटिकेट’ वापरून विनंतीला थेट एक वापरकर्ता जोडता येतो. टोकनची तपासणी टळते, परवानग्यांचे नियम मात्र लागू राहतात. लारावेलमध्ये दोन मार्ग आहेत: ‘विदाउट मिडलवेअर’ वॉचमनलाच घरी पाठवते, तर ‘ॲक्टिंग ॲज’ आत येणाऱ्याला ओळख देते. दुसरा मार्ग सहसा बरा. कारण बिल कोणाचे, हे विचारणाऱ्या कोडला वापरकर्ता लागतोच. फास्टएपीआयमध्ये लॉगिनची डिपेन्डन्सी टेस्टपुरती बदलता येते. टेस्ट संपल्यावर तो बदल पुसला नाही, तर पुढच्या टेस्टही लॉगिनशिवाय पास होतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

एक्सप्रेसमध्ये अनेकजण हमखास फसतात. राउट लिहिला जातो त्याच क्षणी मिडलवेअरचे फंक्शन त्यात पक्के बसते. ॲप लोड झाल्यावर नकली फंक्शन लावून काही उपयोग नसतो. ते आधी लावावे लागते. त्याहून सरळ उपाय म्हणजे ॲप तयार करणाऱ्या फंक्शनलाच मिडलवेअर बाहेरून देणे.

सर्वांत वाईट मार्ग म्हणजे ‘टेस्ट मोड असेल तर तपासू नका’ अशी अट मूळ कोडमध्ये घालणे. सर्व्हरवर एक सेटिंग चुकले की दार सताड उघडे. आतल्या कामासाठी ठेवलेली पळवाट बाहेरच्यांच्या हाती कशी लागते, हे मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएसमध्ये दिसले. मिडलवेअर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावू नये म्हणून त्यात एक अंतर्गत हेडर होता. तोच हेडर बाहेरून पाठवला की मिडलवेअरची तपासणी वगळली जात होती. या त्रुटीची तीव्रता १० पैकी ९.१ ठरली. १४.२.२५ आणि १५.२.३ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली.

शिवाय वॉचमनचीही परीक्षा हवी. त्यासाठी थोड्या टेस्ट काहीही न टाळता लिहितात: टोकनशिवाय, मुदत संपलेल्या टोकनने आणि चुकीच्या किल्लीने सही केलेल्या टोकनने. तिन्हींचे उत्तर ४०१ यायला हवे.