खान्देशच्या आतड्यांचा इतिहास

भुसावळचा इतिहास रेल्वेपासून सांगितला जातो. १८६०च्या दशकात लोहमार्ग आला, १८६७मध्ये इथून निघालेली शाखा नागपूरला पोचली आणि तापीकाठचे गाव जंक्शन झाले. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि खान्देशच्या काळ्या जमिनीत कपाशी पसरली. हा बदल सरकारी दप्तरात नोंदला गेला. माझे म्हणणे असे की तो माणसांच्या आतड्यांतही उतरला. मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्याला न पचलेल्या चोथ्यावर जगतात. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कोणते धान्य पोटात जाते, यावर त्यांतले कोण टिकणार हे बरेचसे ठरते.

खान्देशचे जुने ताट ज्वारी-बाजरीचे. उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, सोबत भरीत नाहीतर ठेचा. उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचा घाटा शिजवायचा आणि तीळ-लसूण-तिखट घालून कापडावर पापडासारखे बिबडे थापायचे. सकाळी शिळी भाकरी. शिजून निवलेल्या पिठातला काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तो जिवाणूंच्या वाट्याला जातो. त्यापासून ते ब्युटिरेट बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. हे ताट एका दिवसात मोडले नाही. कपाशीने आणि पुढे केळीने जमीन व्यापली, १९७२च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो ज्वारी खावी लागली, आणि रेशनच्या गव्हामुळे सणाची पोळी रोजची झाली.

शंभर वर्षांपूर्वीची आतडी कोणी तपासली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण आज जिवंत असलेल्या पिढ्या शेजारी ठेवून पाहता येतात. २०१२मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या, तेव्हा जिवाणूंच्या मोठ्या गटांचे प्रमाण वयाप्रमाणे बदललेले दिसले. हा फरक नुसत्या वयाचाही असू शकेल. म्हणून २०१८चा मिनेसोटातला अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. थायलंडहून तिथे गेलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांत चोथ्यावर जगणारे प्रिव्होटेला जिवाणू घटले, त्यांची जागा बॅक्टेरॉइड्स या दुसऱ्या गटाने घेतली. विविधता वर्षागणिक कमी झाली आणि तिथे जन्मलेल्या पिढीत आणखी. २०१६मध्ये उंदरांवर झालेले प्रयोग तर काळजीत टाकणारे आहेत: काही पिढ्या चोथा मिळाला नाही, तर नंतर तो देऊनही हरवलेले जिवाणू परतत नाहीत. भारतीयांच्या पोटात प्रिव्होटेला अजून भरपूर आहेत, असे पुण्यातल्याच दुसऱ्या अभ्यासात आढळले आहे. म्हणजे वेळ गेलेली नाही.

याचा अर्थ जुनी पोटे निरोगी होती असा नाही. कॉलरा, हगवण आणि जंतांनी माणसे मारली. शुद्ध पाण्याने आणि औषधांनी ती वाचवली. पण त्यासाठी भाकरी सोडण्याची गरज नव्हती. नळाचे पाणी आणि ज्वारी एका ताटात सुखाने नांदतात. बिबड्यांना जिवंत जिवाणूंचे औषध म्हणणेही चूक, कारण घाटा शिजताना ते मरतात. बिबड्यांतून पोटाला मिळतो तो ज्वारीचा चोथा. प्रिव्होटेलाही सर्वगुणसंपन्न नाहीत: २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या अभ्यासात नव्याने संधिवात झालेल्यांच्या पोटात त्यांतलीच एक जात जास्त आढळली. म्हणून एका जिवाणूचे कौतुक करण्यापेक्षा सगळ्यांचे अन्न राखावे.

ज्वारीवर वाढलेली आजी, पोळीवर वाढलेली लेक आणि बिस्किटांवर वाढणारा नातू भुसावळच्या अनेक घरांत आज एकत्र राहतात. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने या तीन पिढ्यांचा अभ्यास आत्ताच हाती घ्यावा. त्या आजी अजून आहेत.