ळ ची जागा

सोलापूरच्या नवी पेठेत मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच फेरीत कानावर पडतात. तिघींच्या लिप्या वेगळ्या, पण तिन्ही वर्णमालांत ळ हा ह च्या मागून येतो. म्हणून वर्णक्रमाने गावे मांडताना आधी मावळ, मग माळशिरस. संगणकावर मात्र ही जोडी अनेकदा उलटी लागते. त्याचे मूळ शोधायला आपण युनिक्स या संगणकप्रणालीच्या आरंभापासून निघू.

युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मले आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आज्ञा चालवणारा बॉर्न शेल आला. तेव्हाची ‘सॉर्ट’ आज्ञा अक्षरांचे सांकेतिक क्रमांक पाहून ओळी लावी. इंग्रजीपुरते ते भागले. मग १९८९ च्या सी भाषेच्या मानकाने ‘लोकेल’ ही सोय आणली आणि १९९२ च्या पॉसिक्स मानकाने ती शेलच्या आज्ञांना लागू केली. वर्णक्रम, महिन्यांची नावे, दशांशचिन्ह हे सारे आता यंत्राच्या मांडणीवर ठरू लागले. दरम्यान भारतात ‘इस्की’ ही अक्षरांची संकेतपद्धती घडत होती. ब्राह्मीतून निघालेल्या भारतीय लिप्यांसाठी एकच तक्ता, हा तिचा थोर विचार. त्या तक्त्यात ळ ल च्या शेजारी बसला. ऑक्टोबर १९९१ च्या युनिकोडने १९८८ च्या इस्कीची हीच मांडणी उचलली, म्हणून देवनागरी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही लिप्यांत ळ आजही त्याच शेजारी आहे. नुसत्या सांकेतिक क्रमाने लावले की माळशिरस मावळच्या आधी येते.

हा क्रम सुधारण्याचे काम पुढे लोकेलवर पडले. युनिकोडच्या सीएलडीआर या लोकेल-माहितीच्या भांडारातील मराठी नियमांत ळ पुन्हा ह नंतर आहे. पण इथेच शेल स्क्रिप्टची अडचण सुरू होते. एका यंत्रावर मराठी लोकेल, दुसऱ्यावर नुसत्या सांकेतिक क्रमाने चालणारे ‘सी’ लोकेल. पहिल्यावर लावलेली यादी दुसऱ्यावरच्या, क्रमाने लावलेलीच यादी मागणाऱ्या ‘जॉइन’ किंवा ‘कॉम’ या आज्ञांना विस्कटलेली वाटते. ‘डेट’ आज्ञेने दिलेला महिना इंग्रजीत शोधणारी ओळ मराठी नाव पाहताच रिकामी परतते. एकाच लोकेलचे नियमही स्थिर नसतात: ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील जीलिबसी या सी-ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीने वर्णक्रम बदलला आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या कित्येक अनुक्रमणिका नव्याने बांधाव्या लागल्या. माझ्या मते स्क्रिप्टच्या पोटातली कामे लोकेल ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ या चलाला ‘सी’ देऊनच करावीत आणि वाचकासमोर जाणारी यादी शेवटी मराठी लोकेलने लावावी. फेब्रुवारी २०२२ मधील जीलिबसी २.३५ पासून ‘सी.यूटीएफ-८’ हे लोकेल मूळ संचातच मिळते, त्यामुळे ‘सी’ऐवजी ते दिले तर पहिल्या टप्प्यातही देवनागरी अक्षरे अक्षरे म्हणूनच ओळखली जातात.