धारण कुणाच्या कानावर पडायची?

सोलापूर जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सरहद्दीजवळच्या मैंदर्गीत मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बसून बोलतात, आणि धान्याच्या भावासाठी दोन्हींचा जुना शब्दही एकच आहे: मराठीत धारण, कानडीत धारणे. ही धारण सांगायची रीत आजच्या अगदी उलटी होती. ज्वारी काय रुपयाने, असे कुणी विचारत नसे. रुपयाला ज्वारी किती, असे विचारत. इंग्रजी अमदानीतले दुष्काळाचे तक्तेसुद्धा रुपयाला अमुक शेर अशाच हिशेबाने भरलेले आहेत. रुपया जागचा हलत नसे, पायली हले. महागाई वाढली की आकडा उतरायचा. या रीतीत एक गोम होती. भाव बदलायला तोंडाने नवा आकडा उच्चारावाच लागत नसे, माप जरा इकडेतिकडे झाले तरी भागे. पायली चार शेरांची खरी, पण तिच्या काठावर शीग किती उंच चढवायची याचा कायदा नव्हता. घेताना धान्य काठावरून ओघळेपर्यंत शीग लावायची आणि देताना तळहात फिरवून ती सपाट करायची, एवढ्यात भाव फिरे. मापारी पहिले माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजी. तो लाभ कुणाच्या पदरात पडला, हे शिगेवरूनच ओळखावे. त्यात पूर्वेला निजामाची हद्द जवळ. तिकडे हाली रुपया, इकडे कलदार, आणि साधारण सात हालींना सहा कलदार असा हिशेब. म्हणजे एकाच पोत्याला दोन नाणी आणि अनेक मापे.

मागणी आणि पुरवठा भाव ठरवतात हे खरेच आहे. मुंबईहून सोलापूरमार्गे जवळच्या दुधनीवरून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग १८७१मध्ये पुरा झाला, तेव्हापासून तर या टापूतल्या धान्याला दूरच्या पेठांचाही भाव लागू लागला. पण मागणी-पुरवठ्याने फार तर एक पल्ला ठरतो. त्या पल्ल्यात नेमका आकडा कुठे टेकायचा, हे इतिहासात दोन गोष्टींवर ठरत आले: तो आकडा कुणाला ऐकू येतो, आणि ऐकून ‘नाही’ म्हणण्याची ऐपत कुणाची आहे. यातली पहिली गोष्ट बहुतेकांना पटते. दुसरी मात्र आपण सहज विसरतो.

पहिलीपुरते पाहिले तर गावगाड्यात एक विचित्र विसंगती दिसते. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांच्या कामाचा मोबदला सगळ्या गावाला ठाऊक असे. खळ्यावर रास पडली की ज्याचे त्याचे बलुते चारचौघांदेखत मोजले जाई. उलट त्याच राशीतले धान्य पेठेत गेले की त्याचा भाव रुमालाखाली जाई. अडत्या आणि खरीददार उपरण्याआड हात घालत, बोटे दाबून आकडा सांगत. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चालू असत आणि खाली करपल्लवी चाले. पोत्याचा मालक दोन हातांवर उभा असला तरी त्याचा हात काही रुमालाखाली नसे. सौदा तुटला की आकडा त्याला सांगितला जाई, आणि मग त्यातून हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, नमुन्याची ओंजळ अशी वजावट सुरू होई. शाही शेती आयोगाने १९२८च्या अहवालात या चालींची नोंद घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली.

यावरून उघड भाव म्हणजे न्याय्य भाव असे म्हणावे, तर बलुतेदारीच आडवी येते. महाराचे बलुते साऱ्या गावाला ठाऊक होते. म्हणून ते पुरेसे होते का? त्याला ते नाकारून काम सोडता येत नव्हते आणि द्यायचे की नाही हे शेवटी कुळांच्या मर्जीवर होते. १९२८मध्येच डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात गावकामगारांच्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते. एकाच वर्षात या दोन गोष्टी घडाव्यात, हा योगायोग मला बोलका वाटतो. आयोगाचे लक्ष झाकलेल्या भावाकडे होते, आंबेडकरांचे न नाकारता येणाऱ्या भावाकडे. शेतमालाच्या बाजारात ही दोन्ही दुखणी एकत्र नांदत होती, कारण पोते पेठेत येण्याआधीच त्यावर उचल घेतलेली असे. १८७५च्या दख्खनमधल्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर १८७९चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला, तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत सोलापूर होते. सावकार आणि अडत्या एकच असला, तर त्याने सांगितलेला भाव कितीही मोठ्याने उच्चारला, तरी तो नाकारायचा कसा?

कायद्याने पहिले दुखणे आधी हातात घेतले. वऱ्हाडात १८९७चा कापूस व धान्यबाजाराचा कायदा आला, पण त्याच्या समित्यांत व्यापारीच असत. १९३९चा मुंबई कायदा आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३चा कायदा यांनी शेतकरी समितीत बसवला, उघड लिलाव आणला, मनमानी वजावटीला चाप लावला. दशमान वजने आल्यावर शीगही गेली. यावर जुन्या व्यापाऱ्यांचा एक आक्षेप होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उघड लिलावात चार ओळखीचे खरीददार एकमेकांचे तोंड बघून थांबतात; रुमालाखाली मात्र शेजाऱ्याने काय दिले हे कळत नाही, म्हणून प्रत्येकाला चढा भाव द्यावा लागतो. तर्क बरोबर आहे. पण त्यातली गुप्तता बंद निविदेलाही असते, आणि नियमांनी बंद निविदा चालवून घेतलीच आहे. निविदा शेवटी सर्वांसमोर उघडते. रुमाल उघडला तर खाली फक्त दोन रिकामे हात निघतात.

दुसरे दुखणे लिलावाने गेले नाही. लिलावात भाव न पटल्यास माल परत न्यायचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण मैंदर्गीहून दुधनीला तूर घेऊन गेलेल्याला तो हक्क वापरायचा तर पोती पुन्हा भरायची, हमाली दुसऱ्यांदा द्यायची, गाडीभाडे दुप्पट सोसायचे. या गावाला एक आडवाट मात्र मिळाली आहे. सरहद्दीपलीकडे कलबुर्गीची तुरीची मोठी पेठ आहे, तिला कर्नाटकाचा वेगळा कायदा आहे, आणि आता तिकडचा दर फोनवर घरबसल्या कळतो. हद्दीने एके काळी दोन नाणी आणून हिशेब अवघड केला होता. तीच हद्द आता ‘नाही’ म्हणायला थोडी जागा देते.

रुमाल मात्र साफ गेलेला नाही. गुरांच्या बाजारात हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, अजून उपरण्याखाली बोटे मोजतात. तुरीची रास शेजारच्या राशीशी ताडून पाहता येते, ओल आणि काडीकचरा हाताने कळतो. बैलाचे तसे नाही. दात, खूर, वशिंड, चाल आणि खोड्या धरून प्रत्येक जनावर निराळे, त्यामुळे एकाचा भाव दुसऱ्याला लावता येत नाही, आणि तो मोठ्याने सांगितला नाही तरी कुणाचे फारसे अडत नाही.