छायाचित्राचे आयुष्य ठरवणारा कागद

सन २००० मध्ये एका मोठ्या कंपनीचे घरगुती फोटो प्रिंटर अमेरिकेच्या बाजारात आले. त्यांवर छापलेली छायाचित्रे दहा वर्षे तरी टिकतील, असा भरवसा त्या वेळी देण्यात आला होता. प्रत्यक्षात काही ग्राहकांच्या भिंतीवरील चित्रे थोड्याच आठवड्यांत, क्वचित काही दिवसांतच, नारिंगी पडू लागली. चित्रातील निळी शाई उडून गेली होती. शोध घेतला तेव्हा दोष एकट्या उन्हाचा नसल्याचे निष्पन्न झाले. हवेतील ओझोन वायू कागदाच्या सच्छिद्र लेपात शिरून निळ्या शाईचा नाश करीत होता. यंत्र तेच, शाई तीच. पण वेगळ्या लेपाचा कागद घातला की चित्र अधिक काळ तग धरत होते.

इंकजेट छपाईत कागद ही नुसती पाठपोट कोरी वस्तू नसते, हे त्या प्रकरणाने छायाचित्रकारांना महागात शिकवले. आज प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी किंवा घरातील एखाद्या जुन्या, एकुलत्या एका छायाचित्राची प्रत जपून ठेवण्यासाठी ‘फाइन आर्ट’ कागदावर छपाई करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. हा कागद साध्या फोटो पेपरच्या कित्येक पट महाग असतो. असे असले तरी निवड पुष्कळदा दुकानदाराच्या शिफारशीवर किंवा पाकिटावरील शब्दांवर होते. ‘आर्काइव्हल’ आणि ‘म्युझियम ग्रेड’ हे त्यांपैकी सर्वांत फसवे शब्द. ते कोणी, कशावर छापावेत याचे सर्वांना बांधील असे बंधन नाही.

या कागदांची कथा सुरू होते ती एका गायकापासून. ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या संगीतचमूतील ग्रॅहम नॅश हे छायाचित्रांचेही जाणकार संग्राहक. छापखान्यात मुख्य छपाईपूर्वी नमुनाप्रत काढण्यासाठी वापरले जाणारे ‘आयरिस’ हे यंत्र त्यांनी विकत घेतले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईशाळा सुरू केली. फिरत्या पिंपावर कागद गुंडाळून त्यावर शाईचे सूक्ष्म तुषार उडवणारे हे यंत्र जलरंगाचा जाड कागदही स्वीकारत असे. तेथील छपाईकार जॅक डुगान यांनी या प्रकाराला ‘जिक्ले’ हे नाव दिले. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते बेतलेले आहे. कागद उत्तम होता, पण शाई विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे ‘डाय’ प्रकारची होती. साहजिकच त्या काळातील काही चित्रे थोड्याच वर्षांत फिकी पडली. पुढे रंगाचे अतिसूक्ष्म घन कण असलेली ‘पिगमेंट’ शाई आली आणि टिकाऊपणाचे गणित पालटले. नॅश यांचे ते पहिले यंत्र २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाले.

फाइन आर्ट कागदाचे दोन भाग पाडून विचार करावा लागतो : खालचा मूळ कागद आणि त्यावरील शाई धरून ठेवणारा लेप. मूळ कागद बहुधा दोन प्रकारचा असतो. पहिला शंभर टक्के कापसाचा. कापसाच्या तंतूत जवळजवळ सारे सेल्युलोजच असते. लाकडात असणारे आणि काळाबरोबर कागद पिवळा, ठिसूळ करणारे लिग्निन त्यात नसते. दुसरा प्रकार अल्फा सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यातून लिग्निन व इतर द्रव्ये काढून टाकून मिळवलेल्या शुद्ध तंतूचा. कापूस तो उत्तम आणि लाकूड ते हलके, अशी सरसकट समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. नीट शुद्ध केलेला आणि आम्ल शोषण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला अल्फा सेल्युलोजचा कागदही दीर्घकाळ टिकतो. दीर्घायुषी कागदासाठी असलेले ‘आयएसओ ९७०६’ हे मानक कापसाचा आग्रह धरत नाही. लिग्निनचे प्रमाण, आम्लता, फाटण्याला होणारा विरोध आणि किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षारसाठा, एवढ्याच गोष्टी ते तपासते. कापसाच्या कागदाचा खरा गुण हाताला कळतो : तो मऊ, भरीव आणि कापडासारखा लवचीक असतो.

जर्मनीतील हानेम्युले ही गिरणी १५८४ पासून कागद बनवते. तिचा ‘फोटो रॅग’ हा ३०८ ग्रॅम वजनाचा कापसाचा मॅट कागद आज या क्षेत्रात तुलनेचा मापदंड मानला जातो. फ्रान्समधील कॅन्सनचे मूळ १५५७ पर्यंत मागे जाते. पहिला गरम हवेचा फुगा उडवणारे माँगोल्फिए बंधू याच कागदवाल्या घराण्यातले. चिंध्यांपासून कागद बनवण्याची परंपरा महाराष्ट्रालाही परकी नाही. दौलताबादजवळचे कागजीपुरा, जुन्नरचा जुना कागद आणि गांधीजींच्या प्रेरणेतून १९४० मध्ये पुण्यात उभी राहिलेली हातकागद संस्था ही त्याची ठळक उदाहरणे. मात्र असा हातकागद थेट प्रिंटरमध्ये घालून उपयोग नाही. लेप नसल्याने शाई तंतूंत पसरते, बारकावे पुसट होतात आणि काळा रंग करडा दिसू लागतो. त्यावर आधी इंकजेटसाठीचा द्रवलेप द्यावा लागतो.

कागदाच्या शुभ्रतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सर्वसाधारण इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. चित्रातील सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागदच. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांचे छायाचित्र घेतले, तर उन्हात झळकणारी टोपी आणि धोतर यांचा पांढरा रंग छायाचित्रकार ठरवत नाही, तो कागद ठरवतो. किंचित पिवळसर कागदावर तोच कपडा ऊबदार, धुवट दिसतो. निळसर शुभ्र कागदावर नुकताच परीटघडीचा. हा निळसर शुभ्रपणा बहुतेक वेळा ‘ऑप्टिकल ब्राइटनर’ या द्रव्यांतून येतो. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ती निळा प्रकाश बाहेर टाकतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही हीच युक्ती असते. अडचण अशी, की प्रकाशात राहून या द्रव्यांची शक्ती हळूहळू ओसरते आणि कागद आपल्या मूळ पिवळसर छटेवर येतो. शिवाय अतिनील किरण अडवणारी काच लावली, की महागडा शुभ्रपणा त्याच दिवशी नाहीसा होतो.

कागदात हे द्रव्य आहे का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. नोटा तपासण्याचा निळा दिवा अंधाऱ्या खोलीत कागदावर धरावा. ब्राइटनर असेल तर कागद निळा-पांढरा उजळून निघतो, नसेल तर मंद राहतो. अल्प प्रमाण असलेला कागद सरसकट टाकाऊ ठरत नाही. मात्र विकायच्या किंवा पुढच्या पिढीला द्यायच्या चित्रासाठी ब्राइटनर नसलेलाच कागद घ्यावा, हे बरे.

पृष्ठभागाची निवड चित्राच्या स्वभावावर सोडावी लागते. मॅट कागदावर चकाकी नसते. कोणत्याही कोनातून पाहिले तरी चित्र दिसते. पण त्याचा अत्यंत गडद काळा रंगसुद्धा पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे दोन ते अडीच टक्के प्रकाश परत फेकतो. बरायटा कागदावर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. आकड्यांत हा फरक क्षुल्लक वाटतो, डोळ्यांना तो मोठा असतो. बरायटा म्हणजे बेरियम सल्फेट. जुन्या डार्करूमच्या कृष्णधवल कागदात तंतू आणि चांदीचा थर यांच्यामध्ये याच पांढऱ्या खनिजाचा लेप असे, आणि त्या कागदाची आठवण असलेल्यांना इंकजेटचा बरायटा लगेच आपलासा वाटतो. पावसाळ्यातील कोकणकड्याचा भिजलेला काळा कातळ मॅट कागदावर छापला, तर तो कोरडा पडल्यासारखा भासतो. बरायटावर त्याचा ओलेपणा टिकतो. याउलट त्याच कड्यावरून वर येणारे धुके हाच चित्राचा विषय असेल, तर मॅट कागदाचा मवाळपणा कामी येतो. खडबडीत, जलरंगी पोताचा कागद निवडताना मात्र हात आखडता घ्यावा. चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि कागदावरील सुरकुत्या एकमेकींत मिसळल्या, की दोन्हींची किंमत जाते. हा पोत पुष्कळदा कमकुवत चित्राला ‘कलात्मक’ ठरवण्यासाठीच वापरला जातो.

कागदाबरोबर काळी शाईही बदलते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मॅट कागदाला ‘मॅट ब्लॅक’ आणि बरायटा किंवा चकचकीत कागदाला ‘फोटो ब्लॅक’ लागते. प्रिंटरच्या खिडकीत कागदाचा प्रकार चुकीचा निवडला, तर कितीही महाग कागद राखाडी, मेलेले चित्र देतो. काही जुन्या यंत्रांत या दोन शाया एकाच मार्गाने जात असल्याने प्रत्येक बदलात बरीच शाई वाया जाते. अशा यंत्राच्या मालकाने दोन्ही प्रकारांचे कागद आलटून पालटून वापरण्यापेक्षा एका प्रकाराचे काम साचवून एकदम छापावे. कापसाच्या कागदावरून सुटणारे बारीक तंतूही त्रास देतात. छपाईनंतर ते गळून पडले, की गडद भागात पांढरे ठिपके उरतात. छपाईपूर्वी मऊ कुंचल्याने कागद झटकणे, हाच त्यावरचा उपाय.

‘शंभर वर्षे टिकेल’ या दाव्याकडे सावधपणे पाहावे. अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेचे आकडे या व्यवसायात सर्वाधिक उद्धृत होतात. काचेआड लावलेल्या चित्रावर रोज १२ तास ४५० लक्स एवढा प्रकाश पडेल, हे त्यांमागील गृहीतक आहे. २००० नंतरच्या दशकात कोडॅकने आपल्या कागदांसाठी १२० लक्स धरून हिशेब मांडला होता. म्हणजे तेच चित्र कागदोपत्री जवळजवळ चौपट जगणार. थेट उन्हात तर प्रकाश हजारो लक्सच्या घरात जातो. पूर्वेच्या खिडकीसमोर रोज तासभर कोवळे ऊन घेणाऱ्या चित्राला यांपैकी कोणताच आकडा लागू पडत नाही. शिवाय हे आकडे विशिष्ट शाई आणि विशिष्ट कागद यांच्या जोडीचे असतात. स्वस्त, दुसऱ्या बनावटीची शाई भरली, की पाकिटावरील वर्षे बाद झाली.

मुंबई-कोकणातील हवा हा तर स्वतंत्र विषय आहे. छपाईसाठी हवेतील आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के असावी, असे सांगितले जाते. जुलैमध्ये किनारपट्टीवर ती ८० टक्क्यांच्या वर जाणे नित्याचे. दमट हवेत कापसाचा कागद पाणी शोषतो, कडा वर उचलल्या जातात आणि प्रिंटरचे डोके त्यांवर घासून शाईचे ओरखडे उमटतात. त्यामुळे कागद मूळ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आडवा ठेवावा, लागेल तेवढाच बाहेर काढावा. उरलेला कागद उघड्या कपाटात ठेवला, तर बुरशीचे तपकिरी ठिपके आणि कसर यांना आमंत्रणच मिळते.

एकदम २५ किंवा ५० कागदांचा गठ्ठा घेण्याआधी नमुना संच मागवणे शहाणपणाचे. बहुतेक गिरण्या आपल्या निरनिराळ्या कागदांची एक-दोन ए-फोर पाने एकत्र विकतात. गडद सावली, माणसाची त्वचा, स्वच्छ आकाश आणि खरा पांढरा रंग असलेले एकच चित्र तीन कागदांवर छापावे. प्रत्येक वेळी त्या कागदासाठी व त्या प्रिंटरसाठी गिरणीने दिलेले ‘आयसीसी प्रोफाइल’ वापरावे. ते उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत. छापल्याबरोबर निकाल देऊ नये. एक रात्र शाई बसू द्यावी आणि ज्या भिंतीवर चित्र लागणार, तेथील दिव्याखालीच ते पाहावे.

शाई पूर्ण वाळण्याआधी चित्र काचेआड गेले, तर शाईतील द्रव्यांची वाफ काचेवर धुक्यासारखी साचते. किमान २४ तास थांबणे त्यासाठीही इष्ट. आणि चौकट करायला टाकताना फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. चित्र प्लायवूडवर किंवा पुठ्ठ्यावर सबंध चिकटवू नये. आम्लरहित माउंटला फक्त वरच्या कडेने, जपानी कागदाच्या पट्टीने व गव्हाच्या खळीने टांगते ठेवावे. काच चित्राला टेकू देऊ नये. ओल धरणाऱ्या भिंतीवर लावायचे असल्यास चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्यावेत, म्हणजे पावसाळ्यात मागून हवा खेळती राहते.